आत्यानं घासलेली संगीन

दसऱ्याला सोनं द्यायला आलेला माणूस दोन शब्द गोड बोलून जातो, अशी आपली रीत. माझ्या चुलतभावाला ती कोणी शिकवली नसावी. आत्याच्या अकोल्याच्या घरी, पूजेत मांडलेल्या विळ्या-कोयत्यांमधून त्यानं आमची जुनी संगीन उचलली आणि घरभर पाहुण्यांसमोर म्हणाला की आजा काही ब्रह्मदेशात लढलाबिढला नाही, ही त्यानं भंगारातून आणली असन. वरून दात काढले. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आजा म्हणजे आत्याचे आणि माझ्या वडिलांचे वडील. हा भाऊ त्यांच्या सख्ख्या भावाचा नातू. आजा तेल्हाऱ्याकडचं वावर सोडून पलटणीत गेले, लढाई संपल्यावर ही जपानी संगीन घेऊन परतले आणि त्या लढाईबद्दल मरेपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. मग काय, गावाला मोकळं रानच. माझ्या बापानं हा भंगाराचा टोमणा जन्मभर खाली मान घालून ऐकला. मला ते जमत नाही. मी तिथल्या तिथं सांगितलं की जाणकाराला दाखवू, खरी निघाली तर याच लोकांसमोर माफी मागशील. तो म्हणाला, चाल, गाडी मीच काढतो.

अमरावतीला माझ्या घराजवळ दातांचे एक डॉक्टर आहेत. रीतसर परवाना काढून जुनी हत्यारं जमवायची त्यांना हौस. आत्याही हट्टानं सोबत आली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली संगीन मांडीवर घेऊन. मूर्तिजापूर गेलं तरी भावाची बडबड थांबेना. आत्या खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मी दातओठ खात बसले.

डॉक्टरांनी संगीन दिव्याखाली धरली. मुठीपाशी वळलेला आकडा, पात्यातली लांब पन्हळ, दोन स्क्रूंनी बसवलेली लाकडी मूठ. जपानीच, त्याच लढाईच्या काळातली, शंकाच नको, असं ते म्हणाले. मी भावाकडे असं पाहिलं की बस्स.

मग त्यांनी भिंग काढलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पात्यावर मुठीजवळ कारखान्याची निशाणी असते, मुठीच्या टोकाला नंबर असतो. दोन्ही गायब. असल्या वस्तूची किंमत त्या खुणांत आणि तिच्या जुन्या काळपट रंगात, आणि आमची तर घासलेल्या ताटासारखी लखलखत होती. आता भाजीच्या सुरीएवढंच मोल, म्हणाले. मला त्यांचाही राग आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यार घासूनच पूजेला ठेवतात, गंजकं ठेवत नाहीत, असं मी फटकन सुनावलं.

भावाला तेवढंच हवं होतं. जपानी असन, पण भंगारात जपानी लोखंड येत नाही का, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनीही मान डोलावली. ही कोणी आणली, ते लोखंड कसं सांगणार?

माझा ताबा सुटला. दर दसऱ्याला विटेचा भुगा आणि नारळाची शेंडी घेऊन ही संगीन कोण घासत होतं? आत्याच. लग्न झाल्यावरही त्यासाठी माहेरी यायची, आजा गेल्यावर संगीन स्वतःच्या घरी घेऊन गेली.

"इतकं काहून घासलं वं आत्या?" मी ओरडले. "आजाची एवढी एकच खूण होती, ते बी पुसून टाकली!"

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मले बाबानंच लावलं होतं घासाले. समोर बसून राहे. म्हणे, निशाणी दिसली नाही पाहिजे."

"काहून?"

"ज्याची होती, तो बाबाच्या हातानं गेला. पोरगंच होतं म्हणे. पडल्या पडल्या काहीतरी मागून राहिलं होतं, अन् बाबाले त्याची बोली समजेना."

भाऊ जमिनीकडे पाहू लागला. माफी त्यानं मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पण माझा राग गेला नव्हता. निदान माझ्या बापाला तरी हे सांगायचं होतं, तो बिचारा खाली मान घालून मेला, असं मी आत्याला म्हटलं. बाबानं शपथ घातली होती, एवढंच ती बोलली. मग मला आजांचाच संताप आला. स्वतःचं ओझं कोवळ्या पोरीच्या हातात द्यायचं, तिनं ते म्हातारी होईपर्यंत घासत बसायचं, आणि पोरानं मात्र टोमणे खायचे. हा कुठला न्याय?

डॉक्टरांनी संगीन दोन्ही हातांनी आत्याला परत दिली. तिनं मुठीजवळच्या पात्यावरून, जिथं भिंगातूनही काही दिसलं नव्हतं, सावकाश अंगठा फिरवला.

"अजून लागते हाताले," ती म्हणाली, आणि लुगड्याचा तुकडा गुंडाळू लागली.