पंपवाल्याची बाजू

बाग सेवनिया नावाच्या कॉलनीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या शकूमावशींनी माझं एकही वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं नाही. "मावशी, पाणी…" म्हटलं, की "सहाला येते, बादल्या भरून ठेव." "मावशी, आज मी…" म्हटलं, की "बाहेर जेवणार ना? भात कमी टाकते." बहुतेक वेळा अंदाज बरोबर असे. चुकला तरी त्या माघार घेत नसत.

मावशी मूळच्या नागपूरच्या. काका पिपलानीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि, साहजिकच, अबोल. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी आमच्या कॉलेजचा संघ लवादाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडला गेला. दोन कंपन्यांचं व्यापारात भांडण झालं, की कोर्टाऐवजी तीन पंच नेमून ते सोडवतात. तसंच एक काल्पनिक भांडण देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना देतात आणि पंचांपुढे वाद घालायला लावतात. पंच मध्येच तोडून प्रश्न विचारतात, आणि तिथे माझी बोबडी वळायची. कुणी मध्ये बोललं, की पुढचं सगळं डोक्यातून पुसलं जायचं. असंच चाललं तर तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला नेईन, असं सरांनी सरळ सांगितलं होतं.

माझा जोडीदार अनुज एकदा घरी आला. मावशींनी त्याचं नमस्तेसुद्धा अर्ध्यावर तोडलं, तेव्हा तो माझ्या कानात म्हणाला, "अपना पंच मिल गया."

मग रोज संध्याकाळी मावशींच्या हॉलमध्ये आम्ही काळे कोट घालून, अनवाणी उभे राहायचो. मधल्या खुर्चीत मावशी लसूण सोलत. उजवीकडे काका डुलक्या घेत. तिसरा पंच मिळेना, म्हणून त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे तसेच राहू दिले. स्पर्धा इंग्रजीत होती, पण मावशींना कळावं आणि अनुजलाही बोलता यावं म्हणून इथे वाद हिंदीत चाले. एका कंपनीने पंप विकायचा करार केला, मग लोखंड महागलं आणि तिने ठरल्या भावात माल द्यायला नकार दिला, असं ते भांडण होतं. मावशींच्या भावाचा गोविंदपुऱ्यात छोटा कारखाना होता, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पंपवाल्याला आपलं मानलं. "घर विकून पंप देईल का तो? मुद्द्यावर ये."

पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. स्पर्धेत प्रत्येक संघाला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. मी खरेदीदाराच्या बाजूने उभी राहिले आणि मावशींचा लसूण थांबला.

"काल तर त्या पंपवाल्यासाठी जीव टाकून भांडून राहिली होती. आज काय झालं?"

मी नियम समजावू लागले. अर्थात तेही वाक्य पूर्ण झालं नाही. अनुजला त्यांनी, "तुमको शरम नहीं आती, बेटा?" असं विचारलं. खरेदीदाराची बाजू असेल त्या दिवशी आमच्या वरणावर तूप पडत नसे.

पण हळूहळू तुटलेल्या वाक्याचं टोक पकडून पुढे जायला मी शिकले. सरांनी माझं नाव कायम केलं.

परदेशात पहिल्या फेऱ्या आम्ही जिंकल्या. पंच प्रश्नांवर प्रश्न टाकत होते आणि मला घरी असल्यासारखं वाटत होतं. बाद फेरीत आमच्याकडे खरेदीदाराची बाजू आली. मधले वृद्ध पंच फार गोड माणूस. पंपवाल्याचं सर्वांत बळकट म्हणणं तुमच्या मते कोणतं, असं त्यांनी हसून विचारलं. अशा प्रश्नाला थोडक्यात उत्तर देऊन निसटायचं असतं. मी निसटले नाही. लोखंड, कामगारांचे पगार, बंद पडायला आलेला कारखाना, सगळं बोलत सुटले. आणि दुर्दैव असं, की त्या भल्या माणसाने मला एकदाही तोडलं नाही. समोरचा संघ भराभर लिहून घेत होता. अनुजने टेबलाखालून लाथ मारली, तोवर फार उशीर झाला होता. आम्ही हरलो.

हॉटेलवरून मी मावशींना फोन लावला. रडू आवरत नव्हतं.

"मावशी, आम्ही…"

"पंपवाला जिंकला का?"

"हो, पण…"

"मग रडून काहून राहिली?" त्या म्हणाल्या आणि तिकडे काकांना ओरडून सांगितलं, "अहो, ऐकलं का? सुटला बिचारा."

परतल्यावर कळलं, त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले होते.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. काकांना भेटायला मी दिल्लीहून गेले, तेव्हा शेजारच्या बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "परदेशात पंपाची केस जिंकल्या, त्या तुम्हीच ना?"

मी काकांकडे पाहिलं. डोळे पुसत ते हसत होते.

"हो," मी म्हटलं, "आम्ही दोघींनी मिळून."