इकडे बघा, बाबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आणि सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात — एक टेकडी, एक फोटो, एक खडा. तुम्ही म्हणाल, एवढंच होय? मीही तीन वर्षं स्वतःची अशीच समजूत घालतोय. पटत नाही.

माझे बाबा साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गड चढायचे आणि प्रत्येक माथ्यावरून एक खडा आणायचे. शोकेसमध्ये खडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. माथा गाठला तरच खडा, हा त्यांचा नियम. लिंगाण्याच्या पायथ्यावरून दोनदा परत फिरले, म्हणून शोकेसमध्ये लिंगाणा नाही. पाहुण्यांना ती रिकामी जागासुद्धा दाखवायचे. त्यात त्यांना कसला कमीपणा वाटत नसे.

२००५ मध्ये आईबाबा आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले, सहा महिन्यांसाठी. कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे — सोमवार ते शुक्रवार आपण ऑफिसात, ते दोघं अपार्टमेंटमध्ये, आणि वीकएंडला आपण त्यांना अमेरिका दाखवून टाकतो. धबधबा झाला, डाउनटाउन झालं, देऊळ झालं. बाबांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली. आमच्या बाल्कनीतून एक खडकाळ टेकडी दिसते, लहानशीच. तिच्या माथ्यावर त्यांना जायचं होतं. सत्तरी गाठलेली, गुडघे कुरकुरत होते. म्हणाले, हा बहुतेक शेवटचाच.

मी दोन शनिवार पुढे ढकललं. पहिल्यांदा ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दुसऱ्यांदा — काही नव्हतं. तिसऱ्या शनिवारी नेलं. आई गुडघ्यांमुळे घरीच थांबली. सकाळपासून धुकं. बाबा दहा पावलं चालायचे, काठी टेकून उभे राहायचे, खडकावरून हात फिरवायचे आणि तो कसा तयार झाला असेल ते मला समजावून सांगायचे. मी नुसतं हं हं करत होतो. दुपारी मित्राकडे मिसळीचा बेत होता, आणि त्याचे दोन फोन येऊन गेले होते — कुठे आहेस यार, सगळे जेवायला बसतायत. लाज वाटते सांगायला, पण कारण तेच होतं. मिसळ.

एका सपाट खडकाशी पाटी होती. बाबांच्या चष्म्यावर धुकं साचलेलं. काय लिहिलंय रे, त्यांनी विचारलं. माथा अजून अर्धा मैल, असं लिहिलं होतं. मी म्हणालो, आलो बाबा, हाच माथा.

त्यांनी काठी खाली ठेवली. हात जोडले — कुणाला, कोण जाणे. मग सावकाश वाकून एक खडा निवडला, मफलरला पुसला आणि खिशात टाकला. इथपर्यंत तरी मागे फिरता आलं असतं का? आलं असतं. पण मी कॅमेरा काढला, आणि धुकं सरकलं. बाबांच्या मागे, चांगला उंच, खरा माथा उभा होता. वर लाल जाकीटवाला कुणीतरी निवांत सँडविच खात बसला होता. इतकं स्वच्छ दिसत होतं. बाबांनी नुसती मान वळवली असती तरी —

‘हलू नका,’ मी म्हणालो. ‘इकडे बघा, बाबा.’

आणि ते बघत राहिले. शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहायचे तसे ताठ, हसत. धुकं पुन्हा मिटेपर्यंत मी त्यांना तसंच उभं ठेवलं. बाबा, चुकलो, अजून थोडं आहे — एवढं म्हणायला काय झालं होतं मला? पाऊण तास लागला असता, फार तर तास. घरी येऊन मी त्या फोटोतून वरचा भाग कापून टाकला आणि तोच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तेव्हा तर कुणाचा फोन येत नव्हता.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. मुठीत दाबायला स्पंजचा बॉल दिलाय, तो ते बाजूला सारतात आणि शोकेसमधला अमेरिकेचा खडा मागतात. तो हातात असला की व्यायाम करतात. आई हे मला फोनवर कौतुकाने सांगते.

आता दर रविवारी फोनवर बाबा अडखळत, शब्द जुळवत एकच विचारतात. वरून काय दिसत होतं रे? धुक्यात मला नीट दिसलं नाही. तू पाहिलंस ना?

खरं सांगायचं म्हणजे त्यांच्या मुठीतून तो खडा काढून घ्यायचा. मला ते जमलं नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, तळं दिसत होतं, बाबा. पलीकडे बर्फाचे डोंगर. ते नुसतं हं म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी मी त्यात काहीतरी घालतो — एकदा होडी, एकदा पूल. ते डोळे मिटून ऐकतात, असं आई सांगते.

टेकडी बाल्कनीतून अजून दिसते. गाडीने वीस मिनिटं. मी त्या माथ्यावर कधीच गेलेलो नाही.