काकूच्या दुसुतीची पाठ

आमची काकू गेली त्याला दीड महिना झाला. घरात तिच्या सुया अजून सापडतात. परवा सोफ्यात एक निघाली, नेमकी काकांनाच टोचली. म्हणाले, बघा, गेली तरी टोचतेच आहे.

काकू कपडे दुरुस्तीच्या दुकानात होती. पँट आखूड कर, चेन बदल, काजं कर, दिवसभर तेच. आणि घरी आली की मांडीवर दुसुती. दुसुती म्हणजे चौकटी चौकटीचं कापड, चौकटी मोजायच्या आणि एकेक फुली घालत चित्र भरायचं. तिचा नियम एकच, कापडाची पाठसुद्धा पोटाइतकी स्वच्छ पाहिजे. गाठ नाही, लोंबता दोरा नाही. धाकटी जाऊ चिडवायची, की भिंतीवर टांगल्यावर पाठ काय पाल बघणार आहे? काकू म्हणायची, पालीला तरी नावं कशाला ठेवू द्यायची.

काका लेथवर कामाला, आणि संध्याकाळी क्लबात टेबल टेनिस. डाव्या हाताने असे मारायचे की सगळा क्लब त्यांना डावराच म्हणायचा. मग एका वर्षी डावा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी बॅट बंद केली, काकांनी अख्खा क्लबच बंद केला. संध्याकाळ झाली की खिडकीत बसायचे. चहात साखर कमी, पंखा जास्त, सगळ्यात खोट. काकूला एकच काळजी, हा माणूस असाच खिडकीत सुकून जाणार.

तेव्हा तिने ठरवलं, ह्यांचंच चित्र भरायचं आणि क्लबाच्या भिंतीवर लावायचं. स्वतःला बघायला तरी उंबरा ओलांडतील. काकांचा स्मॅश मारतानाचा जुना फोटो होता. त्याची मोठी झेरॉक्स काढली, खिडकीच्या काचेला चिकटवली, वर चौकटींचा कागद धरून गिरवली. चार महिने दुकानात जेवणाच्या सुट्टीत भरत होती. निळं टेबल, काळी जाळी, लाल बॅट, काकांचं टक्कलसुद्धा सोडलं नाही. फक्त चेंडू शेवटी ठेवला, आणि क्लबाच्या सेक्रेटरीला जाऊन येत्या रविवारचा शब्दच देऊन आली.

शनिवारी दुपारी जाऊला दाखवलं. जाऊ बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊबाई, भाऊजी उजव्या हाताने कधी खेळले?"

काकूने झेरॉक्स काढून कापडाशेजारी धरली. झेरॉक्सची छापलेली बाजू काचेकडे गेली होती, आणि हिने मागूनच गिरवलं होतं. उसवायचं तर महिना जाणार. आणि डावऱ्याला उजवा करून भिंतीवर लावलं तर काका क्लबात काय, त्या गल्लीतही पाय ठेवणार नाहीत. जाऊने आयुष्यात पहिल्यांदा टोमणा गिळला. काकूने आपलं सवयीने कापड उलटं केलं, दोरे बघायला. आणि पाठीवर काका डाव्या हाताने स्मॅश मारत होते. फुल्या नव्हत्या, नुसते उभे टाके, पण एक दोरा इकडचा तिकडे नाही.

"पाल नशीबवान," जाऊ म्हणाली.

काकूने चेंडू मग त्याच बाजूवर भरला. त्या बाजूला फुल्या काय त्या तेवढ्याच. शेवटचा टाका घालते तोवर काका मागे येऊन उभे. उद्या क्लबाच्या भिंतीवर लागणार, काकूने सांगून टाकलं. त्यांनी हातातून कापड घेतलं, डावी बाजू बघितली, उलटं करून उजवी बघितली, परत डावी. आधी म्हणाले टक्कल जास्त दाखवलंय. मग म्हणाले, "हे टांगणार कोण? त्या गाढवांना ह्याची पाठ कुठली नि पोट कुठलं कळणार नाही. मीच येतो."

काकू "या" म्हणाली आणि तोंड फिरवून हसली.

रविवारी काका खिळा ठोकायला म्हणून गेले ते जेवणाची वेळ टळली तरी क्लबातच. चित्र टांगून झाल्यावर त्यांनी बॅट उचलली होती, उजव्या हातात. चित्राच्या भिंतीकडच्या बाजूला उजव्याने जमतंय तर बघू म्हणाले, आणि सेक्रेटरीशी खेळले. घरी आल्यावर दारातूनच सांगितलं, "अकरा-दोन."

काकूने आतून विचारलं, "कोणाचे अकरा?"

"सेक्रेटरीचे," काका म्हणाले, आणि त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

पुढे सात वर्षं रोज हेच. दारात आकडा, आतून तोच प्रश्न, आणि उत्तरही बहुतेक तेच.

काकू गेली आणि काका परत खिडकीत बसले. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. पण मागच्या बुधवारी कोणाला न सांगता बॅट घेऊन गेले. संध्याकाळी आले, चपला काढल्या, सवयीने "अकरा-नऊ" म्हणाले, आणि म्हटल्यावर तिथेच उभे राहिले. जाऊ आत काकूचं भरतकाम आवरत होती, एकेक कापड आधी उलटं करून बघत. तिने मान वर केली नाही.

"कोणाचे अकरा, भाऊजी?"

काकांनी बॅट खाली ठेवली.

"सेक्रेटरीचे," म्हणाले. "पण नऊ माझे."