वही चालेल, मोबाईल नाही

बाबा कोलशेतच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या घरी पुन्हा बुद्धिबळाचा पट मांडून बसायला लागले. तरुणपणी ते स्पर्धा खेळलेले. आमच्या वरच्या मजल्यावर एक सॉफ्टवेअर इंजिनीयर मुलगी राहते. तिने एकदा सुचवलं, "काका, कॉम्प्युटरशी खेळा ना."

"खेळतो. पण आधी नियम ठरवू."

नियम ठरायला दोन रविवार गेले. प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या चालींचा साठा असतो, हे बाबांना माहीत होतं. "तो पुस्तक बघून खेळणार आणि मी आठवून? मलाही माझी चालींची वही हवी."

"पुस्तक नाही हो, ती त्याची मेमरी आहे."

"माझी मेमरी वहीत आहे. साठी उलटली माझी."

तिने वही मान्य केली. चाली लावून बघायला शेजारी दुसरा पटही दिला. लेव्हल कमी करू का, असं विचारलं, त्याला मात्र बाबा नाही म्हणाले.

बाबांच्या चाली लॅपटॉपमध्ये भरायच्या आणि त्याच्या चाली पटावर करायच्या, हे माझं काम; ती शेजारी बसून बघायची. पहिल्या डावात पानं उलटण्यातच घड्याळावरचा वेळ संपून गेला. दुसऱ्यात वहीने साथ दिली, पण शेवटी बाबा हरले. तिसऱ्या डावात तिसाव्या चालीपर्यंत बरोबरी होती. मग ते अडकले. गोळी घ्यायला आत गेले, तेवढ्यात मी मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या ॲपमध्ये तो डाव मांडून बघितला.

ते परत येऊन बसल्यावर मी हळूच म्हटलं, "हत्ती मागे घ्या."

बाबांनी पटाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "हे तुला सुचलं?"

मी किती कच्चा खेळतो ते त्यांना ठाऊक होतं. "नाही. मोबाईलवर बघितलं."

त्यांनी घड्याळ थांबवलं. "डाव सोडला मी."

"दुसरी चाल खेळा ना काका," ती म्हणाली.

"ही आता डोक्यातून काढू कशी?"

मी चिडलो. "वही चालते, मग मोबाईल का नाही? त्याला तर केवढी मदत आहे."

"वही मी भरलेली आहे."

"पण काका, त्यातल्या निम्म्या चाली तुम्ही मासिकांतून उतरवल्यात," ती म्हणाली.

बाबांनी वही मिटली. "खरं आहे. पण वही जवळ ठेवणार, हे मी आधी सांगितलं होतं."

मला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी लॅपटॉपवर तिला बसवलं. मी चहा केला आणि लांबच उभा राहिलो. चौथा डावही बाबा हरले. मग त्यांनी मला बोलावलं. "ये, बस इथे. आता विचार या कॉम्प्युटरला, मी कुठे चुकलो ते."

आम्ही तिघं जेवणाची वेळ होईपर्यंत तो डाव उलगडत बसलो. चूक बाविसाव्या चालीत निघाली. बाबांनी ती वहीत लिहून घेतली.