सुटणारं बाइंडिंग

शहागडला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागे आमची पत्र्याची खोली होती. दादा, म्हणजे माझे वडील, ट्रकवरचा माल बांधायचे. कापूस असो, कडबा असो, ताडपत्री टाकायची, दोर ओढायचा, गाठ मारायची. गाड्या थांबल्या त्या दिवशी भाजी, नाहीतर भाकरीवर चटणी. पावसाळ्यात गाड्या कमी आणि खोलीत पाणी जास्त. माय आम्हा तिघा भावंडांना बाजेवर बसवायची आणि स्वतः पाण्यात उभी राहून स्टोव्हवर भाकरी करायची. रडायला म्हणून सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगते.

त्या खोलीतून मी कॉलेजात गेले. घरातली पहिलीच. कॉलेजात एनसीसी घेतली, एनसीसीतून हिमाचलात बर्फावरच्या शिबिराला गेले आणि पायाला पहिल्यांदा स्की लावली. तोवर मला बर्फ माहीत होता तो रसवंतीवरचा, भुशात गुंडाळलेला. पदवी हातात आल्यावर पुढचे दोन हिवाळे तिथल्याच एका भाड्याच्या स्कीच्या दुकानात काम केलं. दिवसभर लोकांचे बूट बसवायचे आणि दुपारी तास-दीड तास स्वतः शिकायचं. मला सरळ उतारापेक्षा पार्क आवडलं. पार्क म्हणजे बर्फाचे रचलेले चढ आणि रोवलेल्या लोखंडी रेल. रेलवरून घसरायचं, हवेत फिरायचं, कधी पाठ पुढे करून उतरायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात आपल्या राज्याच्या संघासाठी तिथेच निवड चाचणी होणार होती. मला त्यात यायचंच होतं. भाड्याच्या स्कीवर ते जमणार नव्हतं. दुकानदाराने जुनी पार्कची जोडी दिली, पण बाइंडिंगशिवाय. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पुढची आणि मागची पकड. त्याच्याकडे दोन प्रकारची होती. एक हलकं, डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी, बुटाचं टोक दोन खिळ्यांत धरणारं. दुसरं जड, अख्खं टोक जबड्यात घेणारं. दुकानातली पोरं म्हणाली, हलकं घे, उडी उंच जाईल. मी जड घेतलं. रेलवरून खाली आपटताना बूट जरासा हलतो. जड बाइंडिंग तेवढं हलू देतं आणि परत जागेवर आणतं. हलकं एकतर धरून बसतं, नाहीतर भलत्या वेळी सोडतं.

दिवाळीला सगळं गाठोडं शहागडला आणलं. बाइंडिंग बसवायला भोकं पाडावी लागतात. फर्निचरवाल्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी स्की उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काय, झोपाळ्याची फळी का?"

"पायात घालायचं आहे, मिस्त्री."

"एवढा लांब पाय कुणाचा म्हणायचा? आरपार पाडू का भोक?"

"आरपार गेलं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन."

"मंग राह्यलं. माझ्या बायकोला आधीच शंका हाय."

मी ड्रिलच्या पात्याला नऊ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी टेकली की थांबायचं. साध्या स्कीवर बूट मध्याच्या बराच मागे बसवतात. पार्कमध्ये उलटंही चालवायचं असतं, म्हणून बूट जवळजवळ मध्यावर लागतो. मी मध्य काढला आणि दोन सेंटिमीटर मागे खूण केली. भोकांत गोंद, मग स्क्रू.

राहिला नंबर. किती जोर पडला की बूट सुटावा, तो नंबर बाइंडिंगवर फिरवता येतो. त्यासाठी वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि आपण कसे चालवतो, एवढं तक्त्यात बघायचं. वजन मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर केलं. तिथला हमाल म्हणाला, "ताई, पोत्याचा बारदाना वजा करू का?" तक्त्याने साडेपाच सांगितलं. मी पुढे-मागे दोन्हीकडे साडेपाच लावलं. मागच्या पकडीचा दाब तिच्यावरच्या छोट्या खिडकीतल्या खुणेवर आणला आणि झालं म्हणाले.

सरावाला बर्फ कुठून आणायचा? मामाच्या शेतात मुरमाचं टेकाड आहे. शेततळ्याचा जुना फाटका प्लॅस्टिक कागद उतारावर अंथरला, वरून साबणाचं पाणी सोडलं. मध्ये दोन ड्रमांवर लोखंडी पाइप बांधला. पडायला खाली सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग. पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. एक आजी म्हणाली, "शिकून असं होत असंल तर आमची नात घरीच बरी."

मी पाइपवर चढले, तोल गेला, भुसकटात गेले. एक स्की पायातून सुटून बाजूला पडली. मला काही झालं नाही. मी हसत उठले. दादा मात्र गोरेमोरे झाले.

"सुटलं की गं पायातून!"

"सुटायलाच पाहिजे, दादा."

"बांधलेलं सुटलं तर लोक काय म्हणतील?"

तीस वर्षांत त्यांनी बांधलेली एकही गाडी रस्त्यात उकलली नव्हती. आणि इथे सगळ्या गावासमोर त्यांच्या लेकीच्या पायातलं निघालं. ते त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत. मी ते पाहिलं आणि का सुटायला हवं ते समजावून न सांगता सोडून दिलं. माझी चूक ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाइपवर चढले, तशीच पडले. या वेळी स्की सुटली नाही. ती भुसकटात रुतली आणि माझा गुडघा तिच्यासोबत फिरला. ओरडले ते टेकाडापलीकडे ऐकू गेलं असेल. पाहते तर नंबर अकरावर, शेवटच्या टोकाला.

"हे कुणी केलं?"

दादा जागचे हलले नाहीत. "म्याच आवळलं. तू भाकर खात होतीस तवा. म्हटलं, पोरीची फजिती नको."

माय त्यांना म्हणाली, "पोरगी हाय ती, कडब्याची गाडी न्हाई!"

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत काही तुटलेलं नाही, तीन आठवडे सक्त विश्रांती. चाचणीला पाच आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत गावात कुणी भेटलं की विचारायचं, जाणार का गं? मी जाणार म्हणायचे आणि आतून घाबरायचे.

दादा रोज संध्याकाळी स्की समोर घेऊन बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हा नंबर कमी केला तर किती जोराला सुटंल?" मी नंबर थोडा उतरवून, रिकामा बूट बसवून हाताने पिळून दाखवला. खट्‌ करून सुटला. त्यांनी स्वतः हाताने दहा वेळा केलं.

"आमच्यातबी तसंच हाय," ते म्हणाले. "माल कितीबी हलू दे, गाठ हलत न्हाई. पण दोराचं शेपूट ओढलं की एका झटक्यात खुलली पाहिजे. पल्याड माल उतरवणाऱ्याला गाठ कापाया कोयता लागला तर बांधणारा कच्चा."

"मग तुम्ही माझं का आवळलं?"

"तुझ्या टायमाला डोकं चाललं न्हाई, पोरी."

नंबर पुन्हा साडेपाचवर आला. तो त्यांनीच आणला, मी फक्त वाचला. चौथ्या आठवड्यात मी टेकाडावर परत उभी राहिले. भुसकटात पडले, स्की सुटली, आणि दादा सगळ्यांना सांगत सुटले, "बराबर सुटली बघा!" आदल्या महिन्यात लाजलेला हाच माणूस.

हिमाचलात चाचणीला प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी पहिल्याच रेलवरून कडेला गेले, वाईट पडले. दोन्ही स्की सुटल्या आणि मी बर्फात लोळत खाली गेले. गुडघा चाचपला, जागेवर होता. स्की गोळा केल्या, टाचा दाबल्या, पुन्हा वर गेले. दुसरी फेरी बेताची झाली. तिसऱ्या फेरीत तिन्ही रेल पार केल्या आणि शेवटची उडी पाठमोरी उतरले.

मुलींमध्ये चार जणी घ्यायच्या होत्या. यादीत मी चौथी होते. मी राज्याच्या संघात निवडले गेले.