मच्छिंद्रचा आवाज

जॉय अमोलिक आयुष्यभर एकाच बाबतीत खोटं बोलला. बाकी माणूस सरळ. श्रीरामपुरात त्याची साउंड सर्व्हिस आहे. लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्याची सभा असो, कर्णे त्याचेच. कबूल केल्यापेक्षा एक बॉक्स कमी लावला असं तीस वर्षांत झालं नाही. पण मच्छिंद्र पटारेनं "आपली कॅसेट हाय ना रं नीट?" असं विचारलं, की हा पापणी न हलवता सांगायचा, "हाय की. माळ्यावर हाय."

माळ्यावर काही नव्हतं.

मच्छिंद्र त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. प्रवरेकाठच्या खेड्यातला, बाप साखर कारखान्यात. अभ्यासाच्या नावानं दोघांचाही शंख. त्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी तरुण डॉक्टर होता. तो मायदेशी जाताना जॉयला अकरा कॅसेटी देऊन गेला. सगळ्या रॉक आणि पंक. जॉय चर्चमधल्या पेटीवर आणि गायनपुस्तकावर वाढलेला, मच्छिंद्र एकादशीच्या भजनावर. पहिली कॅसेट लावली तसा मच्छिंद्र अर्ध्या मिनिटात उठून उभा राहिला.

"हे लोक गात्यात का भांडत्यात?"

"दोन्ही," जॉय म्हणाला. त्यालाही तेवढंच कळलं होतं.

शब्द दोघांनाही समजत नव्हते, राग मात्र नीट समजला. जॉयला रॉकमधली लांबलचक गिटार आवडायची. मच्छिंद्रला पंक. दोन मिनिटांचं गाणं, तीन सूर, आणि गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडायचं. "हे आपल्याला जमंल," तो म्हणाला, आणि जमलंही. चर्चची जुनी गिटार, तेलाचे दोन रिकामे डबे आणि मच्छिंद्रचा गळा एवढ्या भांडवलावर 'लाल सिग्नल' नावाचा बँड उभा राहिला. त्यांचं खरं गाणं एकच, मच्छिंद्रनं रचलेलं, कारखान्याच्या भोंग्याचं. 'भोंगा झाला, ऊठ बापा. भोंगा झाला, जा बापा', आणि शेवटी तो स्वतःच भोंगा व्हायचा. आवाज खालून उचलायचा आणि वर, आणखी वर नेत राहायचा. जॉयच्या अंगावर काटा यायचा. नाताळातल्या कार्यक्रमात ते गाणं सुरू झालं आणि फादरनी मेन स्विचच बंद केला. माईक मेला तरी मच्छिंद्र थांबला नाही, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. म्हाताऱ्या बायकांनी कानांवर पदर घेतले. त्या दोघांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस, आणि एवढा आनंद पुन्हा काही वाट्याला आला नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

त्याच आठवड्यात जॉयच्या घरी टेपरेकॉर्डरवर गाणं भरून घेतलं. कुणी चुकून पुसू नये म्हणून मच्छिंद्रनं कॅसेटीच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे नखानं तोडून टाकले.

पुढं मच्छिंद्र बाजार समितीत लागला, कांद्याचे लिलाव पुकारायला. गळा कामी आला म्हणायचा. लग्न झालं, गोजरबाई घरात आली, दिपाली झाली. बँडची कॅसेट जॉयकडेच राहिली. मग सत्त्याण्णव साली जॉयचे वडील, अण्णा, वारले. थोरली बहीण एंजेला कुवेतला नर्स. मातीला येणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे तेव्हा रीतच होती, की घरचं माणूस परदेशी असलं तर मातीची उपासना टेप करून पाठवायची. गाणी, शास्त्रवाचन, फादरचे दोन शब्द, आईचं रडणं, सगळं. दिवस रविवारचा, दुकानं बंद. शवपेटी निघायच्या घाईत जॉयनं ढिगातली हाताला लागेल ती कॅसेट ओढली. पाठीवरची भोकं दिसली, तर सवयीनं त्यांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. भरलेल्या कॅसेटीवर पुन्हा भरायला त्या काळी सगळेच तसं करायचे. कॅसेट कुवेतला गेली. एंजेलानं ती इतकी ऐकली, की फीत तुटली.

महिन्याभरानं ढीग उपसताना जॉयला कळलं, आपण बापाच्या मातीत दोस्ताचा आवाजही पुरलाय.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मच्छिंद्रनं चार शिव्या दिल्या असत्या, चहा पाजायला लावला असता आणि विषय मिटला असता. पण जॉय भित्रा. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली, आणि खोटं जुनं झालं की तेच खरं होऊन बसतं.

मागच्या वर्षी मच्छिंद्रचा आवाज बसला. लिलावामुळे असेल, असं सगळे म्हणाले. कॅन्सर निघाला. पुण्याला नेऊन स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक ठेवलं. ज्याच्या एका हाळीनं बाजार समिती जागची हलायची, तो दिपालीच्या लहानपणीच्या पाटीवर लिहून पाणी मागू लागला. आजार तरीही खाली छातीत पसरलाच. यंदा दिवाळीनंतर जॉय भेटायला गेला, तर मच्छिंद्रनं पाटी पुढं केली: 'कॅसेट आन. एकदा ऐकायचंय.'

गोजरबाई दारात उभी होती. "आना जॉयभाऊ," ती म्हणाली. "मीबी कधी ऐकलं न्हाई. लगीन झालं तवापासून नुसतं लिलावाचंच ओरडणं ऐकलं बघा."

जॉय "आणतो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी गोडाऊनचं शटर आतून ओढून त्यानं जुना टेपरेकॉर्डर काढला, गिटारीला तारा चढवल्या, तेलाचा डबा पायाशी घेतला, आणि तो गायला. मच्छिंद्रसारखा. कुठला शब्द तो चावायचा, श्वास कुठं चोरायचा, सगळं जॉयच्या अंगात होतं. एवढं कुणाचं काहीच त्याला पाठ नव्हतं, बायबलातली वचनंसुद्धा नाहीत. पहिल्या दोन वेळा भोंग्याला ठसका लागला. तिसऱ्यांदा आवाज वर गेला. गेला तो गेलाच. खाली आला तेव्हा पंचावन्न वर्षांचा जॉय डब्याला धरून हुंदके देत होता. बाहेरून बायको फिलोमिना शटर बडवत होती, "अहो, काय झालं? शॉक बसला का?"

संध्याकाळी जॉयनं कॅसेट नेऊन लावली, मच्छिंद्रनं डोळे मिटून ऐकलं. भोंगा चढला तशी त्याची छाती वर आली, गळ्याच्या भोकातून हवा सूं करून गेली. ऐकून झाल्यावर त्यानं पाटी घेतली. 'लई भारी आवाज हुता रे माझा.' जॉयनं मान हलवली. दिपालीनं गाणं मोबाईलमध्ये उतरवून घेतलं, आणि मग दिवसातून चारचारदा ते त्या घरात वाजू लागलं. बाराव्या दिवशी मच्छिंद्र गेला.

दशक्रिया प्रवरेच्या घाटावर. साउंड अर्थातच जॉयचा. महाराजांचं प्रवचन झालं, तीन पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली, त्यातल्या एकानं नावही चुकवलं. मग पिंड ठेवले, आणि माणसं मागं सरून कावळ्याची वाट पाहू लागली. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे होते. एकही खाली उतरेना.

"इच्छा राहिली असंल," कुणीतरी म्हणालं. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन, हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. भाऊ म्हणाला, वावराचा वाद मिटवतो. दिपाली म्हणाली, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म.

गोजरबाई उठली. "त्यांचं गानं लावा. त्यात जीव हुता त्यांचा."

दिपालीनं मोबाईल आणून दिला. जॉयनंच वायर जोडली, जॉयनंच आवाज वाढवला, आणि दोन कर्ण्यांतून जॉय अख्ख्या घाटावर ओरडला. बाया रडू लागल्या. म्हातारी चुलती म्हणाली, "मच्छ्याच गं! हुबेहूब मच्छ्या!" कावळे मात्र दचकून उडाले आणि नदीपल्याड जाऊन बसले.

जॉय ख्रिस्ती माणूस. पिंड, कावळा यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही. पण त्या घटकेला त्याची नजर नदीपल्याडच्या कावळ्यांवरून हटेना. उन्हात तासभर सगळे ताटकळले. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. तेव्हा जॉय माईक बंद करून पुढं गेला, चपला काढल्या, पिंडांसमोर गुडघे टेकले आणि हात जोडून पुटपुटला,

"मच्छ्या, गान्यातला आवाज तुझा न्हाई रं. माझा हाय. तुझी कॅसेट मीच पुसली, अण्णांच्या मातीच्या दिवशी. अठ्ठावीस वर्सं खोटं बोललो. माफ कर."

तो उठून दहा पावलं मागं सरला असेल नसेल, तोच नदीपल्याडून एक कावळा आला आणि सरळ मधल्या पिंडावर बसला.

"शिवला! शिवला!" घाटावर एकच गलका झाला. माणसं भराभर अंघोळीला पाण्याकडं निघाली. जॉयच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं डोळे पुसले, वळला, आणि पाहतो तर मागं गोजरबाई उभी. तो पिंडांसमोर बसला तेव्हा ती त्याच्या पाठोपाठच आली होती, त्याच्याबरोबरच मागं सरली होती. सगळं तिच्या कानी गेलं होतं.

"वहिनी..."

"त्यांना सांगायचं हुतं तर मनात सांगायचं, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझं मानूस तरनेपनी कसं गायचं ते मला आत्ता कुठं कळलं हुतं. म्हैनाबी न्हाई झाला. रात्रंदिवस तेच ऐकत हुते मी."

तिनं हात पुढं केला. जॉयनं वायर काढून मोबाईल तिच्या हातावर ठेवला. तिनं तो लेकीला देऊन टाकला आणि म्हणाली, "काढून टाक त्यातलं. दुसऱ्याचं हाय."