जास्तीची मूठ

उज्ज्वला घरातसुद्धा चहा उभ्यानंच प्यायची. पाय जरा फाकवलेले, पाठ भिंतीला, कप दोन्ही हातांत गच्च. जसा काही माझ्या स्वयंपाकघरालाही आत्ता ब्रेक लागणार आहे. मी म्हणायची, अगं टेक की पाटावर. तर म्हणायची, "अक्का, बसले की झोप लागते. उभी आहे तोवर ड्यूटी." एसटीत कंडक्टर होती ती, अमळनेर-धुळे गाडीवर. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी पापड-बिबड्या करून विकते, तिची पहिली फेरी पहाटेची. दोघींना लवकर उठायचं, त्यामुळे पहिला चहा माझ्याकडेच.

तोंडाची भारी फटकळ. कुणी दोघांच्या जागेवर एकटाच पसरला की म्हणायची, "नाना, पलंग घरी विसरून आलात का?" गाडी हसायची आणि नाना मुकाट्यानं आवरून बसायचे. दारात अडून राहणाऱ्यांना सांगायची, "पुढे सरका, दारात कुणी पंगत वाढत नाहीये." पण ही सगळी बडबड खाकी कपड्यांतली. घरी साडी नेसली की निम्मी गप्प.

कारण घरी सासू होती, नर्मदाबाई. लग्नाला इतकी वर्षं होऊन उज्ज्वलाला मूल नव्हतं. नर्मदाबाई ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, दिवसभर खड्ड्यांत आदळणारीच्या पोटात काय ठरणार! उज्ज्वला बहुतेक वेळा ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "माय, खड्डे मी खणले का?" नवरा संजय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माणूस वाईट नाही हो, पण आई बोलायला लागली की त्याला पायातल्या चपलेचा अंगठा दुरुस्त करायचा आठवायचा.

जळगावच्या दवाखान्यात तिच्यासोबत मी जायची. तिथल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासून सांगितलं की अंडाशयातला बीजांचा साठा फार कमी झालाय. वय तसं चाळिशीच्या आतलं, पण काही बायकांचं हे लवकर आटतं, त्यात बसचा दोष नाही आणि तुझाही नाही. दुसऱ्या बाईचं बीज घेऊन मूल होऊ शकतं, हेही सांगितलं. उज्ज्वला तयार होती. म्हणाली, पोटात तर मीच वाढवणार ना. अडलं ते घरी.

आता आमच्या खानदेशातली कानबाई ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते, दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवायची. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, गहू काढायचा तो घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं, मूठ मूठ. तान्हा असला तरी त्याची मूठ निघते. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. नर्मदाबाईंचं म्हणणं, परक्या बीजाच्या पोराची मूठ मी काढणार नाही. बाप संजयच राहणार, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्याच आठवड्यात संजयसाठी दुसरी मुलगी बघायची भाषा घरात निघाली, आणि ती उज्ज्वलाच्या कानावर पडेल अशा बेतानं निघाली.

तेव्हा मॅडमनी शेवटचा उपाय म्हणून पीआरपीचं नाव काढलं. दंडाच्या शिरेतून आपलंच रक्त घ्यायचं, ते मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, वर जो पिवळसर, प्लेटलेटचा भाग निघतो तो सोनोग्राफीत बघत बघत अंडाशयात टोचायचा. त्यानं उरलीसुरली बीजं जागी होतील अशी आशा. मॅडम स्पष्ट बोलल्या, "हे नवीन आहे. कुणाला गुण येतो, पुष्कळांना येत नाही. मी शब्द देणार नाही." उज्ज्वलानं विचारलं, म्हणजे माझीच नोट घेऊन मलाच सुटे देणार? मॅडमना हसू आलं. पण बाहेर बाकावर आल्यावर तिनं माझा हात धरला आणि हळू आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली, "रगत तर मन्हंच शे ना, अक्का. आते कोनी काय बोली?" परकं बीज म्हणायला आता कुणाला जागा नव्हती.

आषाढात इंजेक्शन झालं. भुलीतून उठली तेव्हा ओठ पांढरे पडले होते, तरी मला म्हणाली, तुम्ही काही खाल्लं का? मॅडमनी सांगितलं होतं, पाळी आली की लगेच या, बीज वाढतंय का बघू. पाळी आलीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिनं मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली आणि मिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. मी म्हटलं, बघून टाक बाई एकदाचं. म्हणाली, कानबाई होऊन जाऊ द्या, सणात काही वाईट नको. तोंडानं वाईट म्हणत होती, पण चालताना हात पोटावर जायचा. मला दिसत होतं. नर्मदाबाईंनाही दिसलं.

गहू काढायच्या दिवशी भाऊबंद जमले होते, मी उंबऱ्याशी होते. नर्मदाबाईंनी संजयची मूठ काढली, धाकट्या मुलाची काढली, त्याच्या पोरांच्या काढल्या. मग हात पुसला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि आणखी एक मूठ भरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही येणाराना नावनी." बायकांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून लाजली.

कानबाई नदीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला गेलो. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे नाही. सोनोग्राफी झाली, पुन्हा रक्त झालं. मॅडमनी खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली तेव्हाच मी समजले. दिवस राहिलेच नव्हते. साठा संपला होता, त्यामुळे पाळी बंद झाली होती, कायमची. उज्ज्वलानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आज दुपारपाळीला कामावर गेलं तर चालेल का?

घरी रोट उरलेले होते आणि पुनव तोंडावर होती. नर्मदाबाईंना मीच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, हे फार वाईट. फडक्यातले रोट पुढे घेऊन बसल्या. पीठ एकदा दळलं की त्यातली कुठली मूठ वेगळी काढणार? तरी त्या न आलेल्याच्या वाट्याचा म्हणून एक रोट बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याना वाटाना कोन खाई?" उज्ज्वला खाकी कपड्यांतच होती. म्हणाली, "मी खासू, माय." आणि ताट पुढ्यात ओढून, न थांबता, पाण्याचा घोटही न घेता तो कडक झालेला रोट खाल्ला. संजय दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

दिवाळीनंतर तिनं धुळ्याला बदली मागून घेतली. संजयचं दुसरीकडे जमत आलं होतं, आणि सोडचिठ्ठीवर सही करायला तिनं वेळ लावला नाही. स्टँडवर तिला पोचवायला मी एकटीच होते, सोबत बिबड्यांची पिशवी दिली. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, अजून वय आहे, वाईट वाटून घेऊ नको. ती म्हणाली,

"बीज नाही, मूल नाही, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं अक्का, त्याची तयारी होती. पण मायनं ती मूठ काढली नसती ना, तर माझी नुसती पाळी गेली असती. आता पोर गेलंय."

गाडी आधीच भरली होती. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि सवयीनं दारातल्यांना म्हणाली, पुढे सरका.